रोहयो चालली की फसली? आधी विचारा, मॉडेल कुठल्या प्रकारचं

रोजगार हमी योजनेचा, म्हणजे रोहयोचा, विषय बातम्यांत आला की वाचकाची कोंडी होते. एक तज्ज्ञ सांगतो, या योजनेत खेड्यातली गरिबी हटवण्याची मोठी ताकद आहे. दुसरा सांगतो, गरिबांच्या पदरात फारसं काही पडलेलं नाही. दोघांकडे अभ्यास असतात, आकडे असतात. शेवटी वाचक आपल्याला आधीपासून जे पटत होतं त्याच्याच बाजूने उभा राहतो.

बिहारबद्दलच्या एका अभ्यासात तर ही दोन्ही उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २००९-१० च्या सुमारास बिहारमधल्या १५० गावांतल्या ३,००० कुटुंबांची पाहणी केली. त्यांचा निष्कर्ष असा: केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं तसं मागेल त्याला काम आणि कामाची पूर्ण मजुरी मिळाली असती, तर दर शंभर माणसांमागे किमान १४ जण दारिद्र्यरेषेच्या वर आले असते. प्रत्यक्षात वर आला तो शंभरात साधारण एक. चौदा आणि एक, दोन्ही आकडे त्याच अभ्यासकांनी, त्याच पाहणीवरून काढलेले आहेत. एक आकडा ‘नियम पाळले गेले तर’ या मॉडेलमधून आला, दुसरा ‘जे झालं ते’ या मॉडेलमधून. बातमीत यातला एकच आकडा आला, तर बातमी खोटी नसूनही वाचकाची दिशाभूल होते.

लोकप्रशासन म्हणजे सरकार निर्णय कसे घेतं आणि ते अमलात कसे आणतं याचा अभ्यास. या विषयात मॉडेलचे प्रकार किती, हा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत पाठांतराची यादी म्हणून येतो. यादी पाठ होते आणि तिचा उपयोग हातातून निसटतो. तो उपयोग माझ्या मते हा: प्रत्येक प्रकारचं मॉडेल वेगळ्या पद्धतीने चुकतं, म्हणून ते तपासायची रीतही वेगळी असते. प्रकार ओळखता आला नाही, तर कुठला प्रश्न विचारायचा तेच कळत नाही.

मॉडेल म्हणजे नेमकं काय?

एका तहसील कार्यालयात एका दिवसात असंख्य गोष्टी घडतात. अर्ज येतात, फायली हलतात, फोन वाजतात, कुणी रजेवर असतो, कुणाची बदली होते. अभ्यासक यातल्या तीन-चार गोष्टी निवडतो, बाकीच्या बाजूला ठेवतो आणि निवडलेल्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय ते मांडतो. ही मांडणी म्हणजे मॉडेल. पाठ्यपुस्तकांत ‘प्रतिमान’ हा शब्द भेटतो. ते शब्दांत असू शकतं, आकृतीत असू शकतं, गणितातही असू शकतं. गणित आलं म्हणून ते जास्त खरं ठरत नाही.

एसटीच्या थांब्यावर उभं राहिलं की मॉडेलचे प्रकार सहज कळतात. भिंतीवर वेळापत्रक असतं: गाडी सव्वानऊला यायला हवी. वाहक सांगतो, आठवडी बाजाराच्या दिवशी ती दहाशिवाय येत नाही. आगारातला मेकॅनिक उशीर का होतो ते सांगतो: गाडी जुनी आहे, सुटा भाग वेळेवर मिळत नाही. आणि रोज त्याच गाडीने कामावर जाणारी बाई, कारण माहीत नसतानाही, सांगते की आज पावणेदहा होतील. चौघांचंही ज्ञान खरं आहे. मात्र वेळापत्रक बघून ‘गाडी सव्वानऊला आली’ असं कुणी लिहिलं तर ती चूक. रोजच उशीर होतो म्हणून ‘उशीर हाच नियम’ असं ठरवणं ही दुसरी चूक. आणि त्या बाईचा अंदाज अचूक आहे म्हणून गाडी तिच्याकडून दुरुस्त करून घेता येणार नाही.

व्हायला हवं ते, होतं ते, होतं त्याचं कारण आणि पुढे काय होईल त्याचा अंदाज, असे हे चार प्रकार. आता ते रोजगार हमीला लावून पाहू.

काय व्हायला हवं?

वि. स. पागे यांनी ग्रामीण मजुराला कामाची हमी देण्याची कल्पना मांडली आणि १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला ती करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड साऱ्या राज्याला पटवली. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा उभा करण्यासाठी व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून आजही जो ‘पीटी’ कापला जातो, त्याचं मूळ या योजनेत आहे. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, हा त्यामागचा विचार मला महाराष्ट्राच्या प्रशासनातला सर्वांत उदात्त विचार वाटतो.

हे ‘व्हायला हवं’ सांगणारं मॉडेल आहे. मागेल त्याला काम, ठरलेल्या मुदतीत काम, काम देता आलं नाही तर भत्ता. ‘पण प्रत्यक्षात असं होत नाही’ असं म्हणून ते खोडता येत नाही, कारण तसं होतं असा त्याचा दावाच नाही. ते तपासायचं तर वेगळे प्रश्न विचारावे लागतात. त्यामागचं मूल्य आपल्याला मान्य आहे का? त्याची कलमं एकमेकांना छेद देतात का? ते अमलात आणायला लागणारी माणसं आणि पैसा शक्य कोटीतला आहे का?

बिहारचा १४ चा आकडा या मॉडेलच्या पोटातून आलेला आहे. तो कर्तृत्वाचा दाखला म्हणून वापरला की चूक होते. नियम मोडल्यामुळे किती नुकसान झालं हे मोजण्यासाठी मात्र तो फार मोलाचा आहे.

इथेच माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या नोकरशाहीच्या मॉडेलबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. लेखी नियम, अधिकारांची उतरंड, गुणवत्तेवर नेमणूक, व्यक्ती न बघता निर्णय ही त्याने सांगितलेली लक्षणं. त्याला ‘आदर्श प्रकार’ म्हणतात, म्हणून वेबरला अशी नोकरशाही सर्वोत्तम वाटत होती, असं अनेक जण समजतात. ते मॉडेल म्हणजे शुद्ध स्वरूपात कल्पलेली एक मोजपट्टी आहे. तिच्याशेजारी खरं कार्यालय ठेवायचं आणि ते कुठे, किती वेगळं आहे ते पाहायचं. नोकरशाहीच्या पोलादी चौकटीत माणूस अडकत जाईल, ही भीती खुद्द वेबरलाच होती.

प्रत्यक्षात काय होतं?

मायकेल लिप्स्की या अमेरिकी अभ्यासकाने १९८० मध्ये तळातल्या कर्मचाऱ्यांचं मॉडेल मांडलं. शिक्षक, पोलीस, कल्याणकारी योजना राबवणारे कर्मचारी हे लोकांना रोज समोरासमोर भेटतात. काम अफाट, साधनं तुटपुंजी. मग ते आपापल्या परीने वाटा काढतात: कुणाला आधी घ्यायचं, कुणाला ‘उद्या या’ म्हणायचं, कुठला नियम ताणायचा. लिप्स्कीचं म्हणणं असं की नागरिकाच्या दृष्टीने हे छोटे निर्णयच सरकारी धोरण असतात. मंत्रालयातला कागद त्याच्यापर्यंत कधी पोहोचतच नाही.

आपल्याकडच्या ग्रामरोजगार सेवकाला, म्हणजे गावात रोहयोचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला, हे मॉडेल चपखल बसतं. कामाची मागणी ‘नमुना ४’ या अर्जावर करायची आणि तारखेची पोच घ्यायची, असा नियम आहे. ती पोच द्यायची की नाही, हा त्याच्या टेबलावरचा निर्णय. पोच नाही तर मुदत सुरू होत नाही आणि मुदत नाही तर भत्ताही नाही. घासूनपुसून केलेला कायदा गावात त्या एका सहीपाशी येऊन थांबतो.

फ्रेड रिग्ज या अभ्यासकाने थायलंड आणि फिलिपिन्सच्या अनुभवावरून १९६४ मध्ये जे ‘प्रिझमॅटिक’ मॉडेल मांडलं, त्यातही कागद आणि व्यवहार यांच्यातल्या याच अंतरावर भर आहे. जुनी आणि नवी व्यवस्था एकाच कार्यालयात नांदते: नियमपुस्तिका आधुनिक आणि निर्णय नात्यागोत्याचे.

वर्णन करणाऱ्या मॉडेलची कसोटी अशी: त्या व्यवस्थेत काम करणाऱ्याने ते वाचलं तर ‘हो, असंच असतं’ असं तो म्हणेल का? आणि त्याची नेहमीची चूक अशी की एका ठिकाणचं चित्र सगळीकडे लावलं जातं. रिग्जवर हाच आक्षेप घेतला गेला. विकसनशील देशांतला प्रत्येक दोष त्याच्या चौकटीत बसवता येतो. जे मॉडेल सगळ्यालाच लागू पडतं, त्यातून एखाद्या जागेबद्दल नवं काही कळत नाही.

असं का होतं?

कारण शोधणारी मॉडेलं सर्वांत उपयोगी असतात आणि सर्वांत जास्त फसवतातही. त्यांच्याजवळ जरा जास्त थांबू.

अर्थशास्त्रातून आलेलं एक मॉडेल प्रशासनात फार वापरलं जातं. एक जण काम सोपवतो, दुसरा ते करतो. करणाऱ्याला प्रत्यक्ष परिस्थिती जास्त माहीत असते आणि त्याचं हित सोपवणाऱ्याच्या हिताशी जुळतंच असं नाही. मग सोपवणारा बक्षीस, शिक्षा आणि देखरेख यांची जुळणी करतो. रोजगार हमी देशभर नेणारा २००५ चा केंद्रीय कायदा या विचारावर बेतलेला होता. अकुशल मजुरीचा खर्च केंद्राने उचलायचा, पण १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता राज्याने द्यायचा. काम दिलं तर पैसा केंद्राचा, नाही दिलं तर खिसा राज्याचा. या हिशेबाने राज्यं काम देण्याकडे वळतील, अशी अपेक्षा होती.

मांडणी सुरेख आहे, फक्त तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मजुराची मागणी नोंदवली जाईल. भत्त्याचा भार टाळायचा तर काम देणं हा एक मार्ग झाला, मागणी न नोंदवणं हा दुसरा. दुसरा मार्ग स्वस्त आहे. मॉडेलमध्ये न दिसलेल्या या फटीतून हमीचा बराच भाग गळून गेला.

दुसरं उदाहरण पुन्हा बिहारचं. लोकांना आपला हक्कच माहीत नाही म्हणून ते काम मागत नाहीत, हे कारण सगळ्यांना लगेच पटतं. अभ्यासकांनी ते तपासून पाहिलं. योजनेची माहिती देणारा एक चित्रपट काही गावांत दाखवला, काही गावांत दाखवला नाही. जिथे दाखवला तिथे लोकांची माहिती वाढली, योजनेकडे बघण्याची नजरही बदलली. प्रत्यक्ष मिळालेलं काम मात्र वाढलं नाही. अज्ञान होतं हे खरं, पण अडसर दुसरीकडेही होता: वरून कामंच पुरेशी निघत नव्हती.

आंध्र प्रदेशातला अनुभव उलट दिशेचा. मजुरी हातात पडण्याच्या वाटेतच गळती होते, या कारणावर तिथे बोट ठेवलं गेलं. बायोमेट्रिक स्मार्टकार्डवरून मजुरी देण्याची पद्धत कुठल्या मंडलांत (जिल्ह्याखालच्या प्रशासकीय विभागांत) आधी आणायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. १५७ मंडलं आणि सुमारे १.९ कोटी लोकवस्तीवर झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पैसे लवकर मिळू लागले, गळती कमी झाली आणि कामापासून कुणी दुरावलं नाही.

म्हणजे कारण सांगणाऱ्या मॉडेलला एकच प्रश्न रोखठोक विचारायचा: हे कारण दूर केलं तर परिणाम बदलतो का? बदलत नसेल, तर ते कारण कितीही पटणारं असो, अपुरं आहे. बदलला, तर पुढचा प्रश्न: कुठल्या परिस्थितीत? आंध्रच्या सरकारने ती यंत्रणा काही वर्षं नेटाने उभी केली होती. तेवढी तयारी नसलेल्या राज्यात तेच कार्ड मजुराची अडवणूकही करू शकतं.

गणिताचं मॉडेल जास्त भरवशाचं नाही का?

जेफ्री प्रेसमन आणि एरन विल्डाव्हस्की यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंड शहरातल्या एका रोजगार प्रकल्पाचा अभ्यास मांडला. पैसा होता, सद्हेतू होता, उघड विरोधही कुणाचा नव्हता. तरी प्रकल्प रखडला. त्यांनी मोजलं की काम पूर्ण व्हायला ७० संमती लागत होत्या. आता प्रत्येक टप्प्यावर होकार मिळण्याची शक्यता ९९ टक्के धरा, म्हणजे जवळपास खात्रीच. ७० टप्पे पार पडण्याची शक्यता किती? निम्म्याहून किंचित कमी. प्रत्येक टप्प्याची शक्यता ८० टक्के धरली, तर चौथ्याच टप्प्यावर ती निम्म्याखाली जाते.

पाझर तलावाचं किंवा विहिरीचं एक काम ग्रामसभा, पंचायत समिती, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता अशा वाटेने जाताना का अडतं, ते या साध्या गुणाकारातून झटकन कळतं. दुष्ट माणूस शोधावा लागत नाही.

पण पुढच्या अभ्यासकांनी योग्य शंका काढली. हा हिशेब खरा असता तर कुठलंच सरकारी काम कधी पूर्ण झालं नसतं, आणि कामं तर होतात. चूक गुणाकारात नव्हती, गृहीतकांत होती. प्रत्येक संमती स्वतंत्र आहे आणि प्रयत्न एकदाच करायचा, असं मॉडेलने धरलं होतं. खऱ्या कार्यालयात नाकारलेली फाइल पुन्हा सादर होते, वरच्याने होकार दिला की खालचे पटापट देतात, चार मान्यता एका बैठकीत उरकतात. गणिताच्या मॉडेलमध्ये आकडेमोड तपासण्याआधी गृहीतकं वाचायची असतात. ती बहुधा पहिल्या दोन परिच्छेदांत सरळ शब्दांत लिहिलेली असतात आणि ती वाचायला गणित यावं लागत नाही.

अंदाज बरोबर आला म्हणजे मॉडेल बरोबर?

महाराष्ट्रातली १९८८ सालची गोष्ट इथे फार शिकवते. त्या वर्षाच्या मध्यात किमान वेतनाबरोबर रोहयोची मजुरीही जवळपास दुप्पट झाली. मजुरी वाढली की कामावर येणारे वाढायला हवेत. मार्टिन रॅव्हालियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी महिन्या-महिन्याचे जुने आकडे घेऊन, एरवी रोजगार किती असायला हवा होता, याचं सांख्यिकीय मॉडेल बांधलं. मजुरीवाढीनंतरचा नोंदलेला रोजगार त्या अपेक्षेला पुरा पडत नव्हता. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की मागणाऱ्यांची संख्या आणि दिलेलं काम यांत दरी पडली होती. काम आता वाटून, निवडून दिलं जात होतं आणि हमीला तडा गेला होता. मजुरी वाढली, त्या प्रमाणात पैसा वाढला नाही.

या अभ्यासात भाकिताचं मॉडेल उलट्या बाजूने वापरलं आहे. अंदाज चुकला, आणि त्या चुकीतूनच काहीतरी बदललं आहे हे कळलं. अंदाज जुळण्याचं कौतुक आपण फार करतो. प्रशासनाच्या अभ्यासात न जुळलेला अंदाज पुष्कळदा जास्त सांगून जातो.

एकाच अभ्यासात सगळे प्रकार असतात, मग वर्गीकरण कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. १९८८ च्या अभ्यासात ‘हमी म्हणजे मागेल त्याला काम’ हे व्हायला हवं सांगणारं मॉडेल आहे, आकड्यांचं वर्णन आहे, भाकीत आहे आणि शेवटी कारणही आहे. म्हणूनच वर्गीकरण अभ्यासाचं करू नये, त्यातल्या प्रत्येक विधानाचं करावं. ‘रोजगार अपेक्षेपेक्षा कमी पडला’ हे एक विधान, ‘पैसा अपुरा होता म्हणून पडला’ हे दुसरं, ‘म्हणून मजुरी कमी ठेवावी’ हे तिसरं. तिसरं विधान पहिल्या दोघांतून आपोआप निघत नाही. ‘म्हणून तरतूद वाढवावी’ हेही त्याच पुराव्यावरून म्हणता येतं. कुठलं म्हणायचं ते आपल्या मूल्यांवर ठरतं, आणि तज्ज्ञाने ते आकड्यांच्या आडून म्हणू नये.

मग ‘हिवरे बाजार मॉडेल’, ‘लखिना पॅटर्न’ कुठे बसतात?

हिवरे बाजार या गावाने पाणलोटाची कामं मन लावून केली, किंवा १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिल लखिना यांनी कार्यालयातल्या फायली आणि टेबलं नव्याने लावली. ही घडलेली उदाहरणं आहेत, अनुकरणीय आहेत. अभ्यासकाच्या अर्थाने ती मॉडेलं तेव्हा होतात, जेव्हा यशाला कारणीभूत ठरलेल्या तीन-चार गोष्टी वेगळ्या काढून सांगता येतात आणि त्या दुसरीकडे करून बघता येतात. पाऊस, जमिनीचा उतार, सरपंचाची चिकाटी, मिळालेला निधी यांतलं नेमकं काय निर्णायक ठरलं, हे न शोधता ‘हेच मॉडेल राज्यभर राबवा’ असा शासन निर्णय निघतो, तेव्हा फलक सगळीकडे पोहोचतो आणि ती निर्णायक गोष्ट मागे राहते.

आकडाच नोंदला गेला नसेल तर?

मला सगळ्यात काळजी वाटते ती याची. सरकारी तक्त्यात ‘काम मागितलेली कुटुंबं’ आणि ‘काम दिलेली कुटुंबं’ असे दोन रकाने असतात आणि ते जवळपास जुळतात. त्यावर भाकिताचं मॉडेल बांधलं, तर ते ‘तुटवडा नाही’ असं सांगेल आणि पुढच्या वर्षीची तरतूद त्याच अंदाजाने ठरेल. पण पहिल्या रकान्यात फक्त नोंदलेली मागणी आहे. २००९-१० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबांनाच थेट विचारलं गेलं: काम हवं होतं का, मिळालं का? त्या उत्तरांत न भागलेली मागणी मोठी निघाली, आणि गरीब राज्यांत ती जास्त होती. जिथे हमीची गरज सर्वाधिक, तिथेच मागणी कागदावर येण्याआधी विरत होती.

म्हणून रोहयोबद्दलचा कुठलाही आकडा समोर आला की मी आधी बघतो, तो कुठल्या वहीतून आला आहे. कार्यालयातल्या नोंदींवरून काढला असेल तर त्यात पोच मिळालेलेच मजूर आहेत. घरोघरी विचारून काढला असेल तर त्यात पोच न मिळालेलेही आहेत.